भीती कोणत्या ओळीपासून सुरू झाली? नव्या भयकथा आणि रहस्यकथा वाचू लागणाऱ्यांसाठी

हिवाळ्यात शेतीपंपाची वीज रात्रीची आली, की हरभऱ्याच्या ओलितासाठी वावरातच रात्र काढावी लागते. स्प्रिंकलर एकदा सुरू केले, की पाइप पुढच्या जागी हलवेपर्यंत दोन-अडीच तास हाताला काम नसते, आणि माझे बहुतेक भयकथावाचन यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाच्या शिवारात, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, शेकोटीशेजारी, डोक्याला बांधलेल्या बॅटरीच्या उजेडात, याच मोकळ्या तासांत झालेले आहे. गेल्या काही वर्षांत गावातली कॉलेजात जाणारी मुले, अंगणवाडीताई आणि दोघे-तिघे शेतकरी मला विचारू लागले, की हे वाचायचे तर सुरुवात कशाने करावी. मी त्यांना पुस्तके दिली. त्यांपैकी काहींनी आठवड्याने ती परत आणली आणि भीती काही वाटली नाही असे सांगितले. एका मुलीने मात्र तिसऱ्याच दिवशी पुस्तक परत केले, आणि आता तिला रात्री अंगणातसुद्धा जाववत नाही असे तिच्या आईने मला सांगितले. पुस्तक हाती देताना ते वाचावे कसे हे मी सांगायला हवे होते, आणि ते या लेखात सांगत आहे.

या वाचनाची मला सापडलेली रीत अशी आहे, की आपल्याला भीती कशाची वाटली हे नंतर पाहावे आणि ती कोणत्या ओळीपासून वाटू लागली हे आधी शोधावे. भूत, खून, बंद तळघर हे सगळे त्या ओळीच्या बरेच पुढे येते. चांगला लेखक ती ओळ अशा जागी ठेवतो, की ती वाचताना आपले तिच्याकडे लक्षही जात नाही, पण अंग मात्र थोडे आखडते. पुढच्या सर्व पायऱ्या ही ओळ पकडता यावी यासाठीच आहेत.

पहिली पायरी : काय वाचत आहोत ते ओळखावे

वेताळपंचविशीची चौकट आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. स्मशानातून प्रेत खांद्यावर घेऊन निघालेला राजा, प्रेतात बसून गोष्ट सांगणारा वेताळ आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी विचारलेला एक अवघड प्रश्न, एवढ्या सामग्रीत भयकथा आणि रहस्यकथा या दोन्हींचे बीज आहे. खांद्यावरचे ओझे ही भयकथा आहे, आणि प्रश्न ही रहस्यकथा आहे. भयकथेत वाचकाला काहीतरी वाहून न्यावे लागते, आणि ते जड होत जाते. रहस्यकथेत त्याला उत्तर शोधावे लागते, आणि ते सापडले की प्रेत पुन्हा झाडावर जाऊन लटकते.

मराठीत या दोहोंच्या मध्ये गूढकथा आहे. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) आपल्या कथांना आग्रहाने हेच नाव देत असत, आणि ते योग्यही होते, कारण त्यांच्या कितीतरी कथांत भूत आले की नाही हे शेवटपर्यंत ठामपणे सांगता येत नाही. दिसते ते साधे मध्यमवर्गीय घर आणि त्यातल्या एखाद्या माणसाच्या मनाला पडलेली चीर. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्याकडे अमानवी शक्ती खरोखरच असते आणि तिच्याशी झुंजावे लागते. बाबूराव अर्नाळकरांनी लिहिलेल्या हजाराहून अधिक कादंबऱ्यांत झुंजार किंवा काळा पहाड हे नायक गुन्ह्याचा छडा लावतात, आणि शेवटच्या पानावर जगाची घडी पुन्हा बसते. अलीकडची काळोखी रहस्यकथा इथेच वेगळी पडते. तिच्यात गुन्हेगार सापडतो, पण घडी बसत नाही. उलट, उत्तर कळल्यामुळेच वाचकाच्या मनात अंधार वाढतो. हा फरक ध्यानात न घेता अर्नाळकरांच्या अपेक्षेने आजची कादंबरी वाचली तर शेवट अपुरा वाटतो, आणि वाचक विनाकारण लेखकावर रागावतो.

हा साहित्यप्रकार शहरातून किंवा परदेशातून आला आहे आणि खेड्यातल्या माणसाचा त्याच्याशी संबंध नाही, असा संकोच काही जणांना वाटतो. आठव्या शतकातला संस्कृत नाटककार भवभूती स्वतःला विदर्भातल्या पद्मपूरचा म्हणवतो, आणि गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळचे पद्मपूर हेच त्याचे गाव असल्याचे संशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडले. त्याच्या ‘मालतीमाधव’ नाटकाच्या पाचव्या अंकात नायक रात्री स्मशानात पिशाच्चांना नरमांस विकायला उभा राहतो, आणि त्याच अंकात एक कापालिक, म्हणजे कवटी बाळगणारा तांत्रिक साधू, चामुंडेपुढे नायिकेचा बळी द्यायला निघतो. हा अंक आजच्या भयकथेशेजारी ठेवून वाचला, तरी त्यातले स्मशान जुने वाटत नाही. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. २०१८ साली गाजलेल्या ‘तुंबाड’ या चित्रपटाची मूळ कल्पना दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना १९९३ साली विदर्भातल्याच नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्राने धारपांची कथा सांगितली तेव्हा सुचली. कथा पुण्याच्या लेखकाची होती, पण ती रुजली आमच्या जंगलातल्या रात्री.

दुसरी पायरी : छोट्या कथेपासून सुरुवात करावी

नवख्या वाचकाने पहिले सहा महिने कादंबरीच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कथा एका बैठकीत संपते. तिची सुरुवात आणि शेवट दोन्ही एकाच वेळी मनात राहतात, त्यामुळे ती विशिष्ट ओळ शोधायला मागे जाता येते. तीनशे पानांच्या कादंबरीत हे सुरुवातीला साधत नाही.

गावात पुस्तकाचे दुकान नसले तरी तालुक्याच्या ठिकाणी सार्वजनिक ग्रंथालय बहुधा असतेच. १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली ही ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांची असतात. लहान वर्गाच्या ग्रंथालयात नवी पुस्तके थोडी असली तरी धारप, मतकरी आणि सुहास शिरवळकर यांची झिजलेली पुस्तके हमखास मिळतात. दिवाळी अंकांचे जुने गठ्ठे असतील तर ते मागून घ्यावेत. ‘धनंजय’ आणि ‘नवल’ या अंकांनी भयकथा, गूढकथा आणि रहस्यकथा वर्षानुवर्षे छापल्या आहेत, आणि एका अंकात दहा-पंधरा वेगवेगळे हात पाहायला मिळतात. त्यांतला आपल्याला कोणता रुचतो हे ठरवायला यापेक्षा स्वस्त मार्ग नाही. वाचनाची सवय नसलेल्यांनी ऐकूनही सुरुवात करावी. स्टोरीटेलने २०१७ साली भारतात मराठीसह पुस्तके ऐकवायला सुरुवात केल्यापासून माझ्या ओळखीतले दोन जण फवारणीची आणि ओलिताची कामे करता करता कथा ऐकतात. फक्त ऐकताना मागे जाणे कठीण असते, म्हणून आवडलेली कथा नंतर छापील स्वरूपात एकदा वाचावी.

कथांवर हात बसला की मराठीतल्या आजच्या लेखकांपैकी हृषीकेश गुप्ते यांच्याकडे वळावे. त्यांच्या ‘अंधारवारी’ या संग्रहातल्या कथा आधी घ्याव्यात आणि ‘दंशकाल’ ही कादंबरी पुष्कळ नंतर. ‘दंशकाल’ वाचताना कुटुंबाची गोष्ट कुठे संपते आणि भयाची कुठे सुरू होते हे मला सांगता येईना. भीतीचा उगम एखाद्या पडक्या विहिरीत नसून जेवणाच्या पंगतीतल्या माणसांत आहे, ही जाणीव मराठी कादंबरीत इतक्या जवळून मला क्वचितच झाली. ही कादंबरी प्रौढांसाठी आहे; शाळकरी मुलांच्या हाती ती देऊ नये.

तिसरी पायरी : वेळ आणि जागा

याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. रात्रीच वाचले पाहिजे, एकट्यानेच वाचले पाहिजे, असा हट्ट धरू नये. ज्याला धास्ती लवकर बसते त्याने दुपारी ओसरीवर, घरात माणसांची ये-जा असताना वाचावे, आणि झोपण्यापूर्वीच्या तासात या पुस्तकांना हात लावू नये. घरात नुकताच कोणाचा मृत्यू झाला असेल, किंवा घरातले कोणी मनाच्या आजाराशी झगडत असेल, तर काही महिने हे वाचन बाजूला ठेवावे. पुस्तके कुठे जात नाहीत.

चौथी पायरी : वही ठेवावी आणि भीतीला नेमके नाव द्यावे

माझ्या लेखी ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

शंभर पानी वही पुरते. प्रत्येक पुस्तकासाठी एक पान सोडावे. वाचन संपल्यावर त्या पानावर ‘भीती वाटली’ असे लिहू नये, कारण त्या दोन शब्दांतून दुसऱ्या दिवशी काहीच आठवत नाही. मराठीत भीतीच्या कितीतरी छटांना वेगवेगळे शब्द आहेत आणि आपण ते रोज वापरतो. दचकणे म्हणजे एका क्षणाचा धक्का; तो लगेच ओसरतो. धडकी भरते तेव्हा संकट समोर आलेले असते. धास्ती लागते तेव्हा ते आलेले नसते, पण येणार हे माहीत असते. काटा येतो तो त्वचेवर, गोळा येतो तो पोटात. किळस ही भीतीची बहीण आहे, पण ती वेगळ्या दारातून येते. आणि हुरहूर नावाची एक छटा आहे, जिच्यात भीती आणि दुःख वेगळे काढता येत नाहीत. अ‍ॅन रॅडक्लिफ या इंग्रज लेखिकेचा १८२६ साली, तिच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेला एक निबंध आहे. त्यात तिने धास्ती आणि भयानकाचे प्रत्यक्ष दर्शन यांत भेद केला आहे. पहिलीने मन विस्तारते आणि दुसऱ्याने ते आक्रसते, असे तिचे म्हणणे आहे. मला हा भेद वावरातल्या अनुभवावरूनही पटतो. तुरीत काहीतरी सळसळले आणि ते रानडुक्कर आहे की रोही (नीलगाय) हे कळले नाही, तोवर सगळी इंद्रिये जागी असतात. जनावर एकदा बॅटरीच्या उजेडात आले, की डोक्यात पळण्याखेरीज दुसरा विचार उरत नाही.

वहीत प्रथम छटेचे नाव लिहावे, आणि त्याखाली ती छटा ज्या ओळीपासून जाणवू लागली त्या ओळीचा पृष्ठक्रमांक लिहावा. हे कसे करायचे, ते माझ्या वहीतल्या तीन नोंदींवरून सांगतो. या तिन्ही कादंबऱ्या मी इंग्रजीतून वाचल्या.

पहिली नोंद सिल्विया मोरेनो-गार्सिया यांच्या ‘मेक्सिकन गॉथिक’ची, २०२० सालची. काळ १९५० च्या सुमाराचा, देश मेक्सिको. नुकतेच लग्न झालेल्या चुलत बहिणीचे विचित्र पत्र येते, म्हणून नायिका तिच्या सासरी डोंगरातल्या एका मोठ्या वाड्यात जाते. तो वाडा चांदीच्या खाणीवर श्रीमंत झालेल्या आणि खाण बंद पडल्यावर उतरणीला लागलेल्या इंग्रज कुटुंबाचा आहे. पुढे भिंतींबद्दल, स्वप्नांबद्दल बरेच काही येते आणि ते परिणामकारकही आहे. पण माझ्या वहीत छटा ‘धास्ती’ आणि जागा जेवणाच्या मेजाची नोंदलेली आहे, जिथे नायिकेला सांगितले जाते की या घरात जेवताना कोणी बोलत नाही. सासुरवाशिणीच्या पत्राचा अर्थ आपल्या जात्यावरच्या ओव्यांनी आपल्याला कित्येक पिढ्या शिकवला आहे; माहेरी निरोप धाडणारी बाई उघड काय सांगते आणि काय गिळते हे आपल्याला कळते. त्यामुळे मेजावरच्या त्या शांततेचा नियम ऐकताच, हे घर पत्रातल्या बाईशी कसे वागत असेल हे मला पुढच्या शंभर पानांआधी कळले. ही कादंबरी विदर्भातल्या वाचक स्त्रियांनी अवश्य वाचावी असे मला वाटते. तिच्यातल्या वाड्याच्या भिंती त्यांना माझ्याहून अधिक ओळखीच्या वाटतील.

दुसरी नोंद टी. किंगफिशर यांच्या ‘व्हॉट मूव्ह्ज द डेड’ची, २०२२ सालची. एडगर अ‍ॅलन पो यांच्या १८३९ सालच्या एका प्रसिद्ध कथेची ही नवी मांडणी आहे. तळ्याकाठचे खचलेले घर, आजारी भाऊ-बहीण आणि सर्वत्र उगवलेली बुरशी. इथे माझी छटा ‘काटा’ आहे, आणि ती बुरशीमुळे आली नाही. त्या परिसरातले ससे माणूस जवळ आला तरी पळत नाहीत, बसून पाहत राहतात. ज्याने रात्री वावरात बॅटरीचा झोत मारताच सशाला धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे, उधळताना पाहिले आहे, त्याला हे वाक्य शहरी वाचकापेक्षा जास्त लागते. जनावराची एक साधी सवय लेखिकेने काढून घेतली आहे, आणि तेवढ्यानेच सगळे रान अनोळखी झाले आहे. आपण खेड्यात राहतो, त्यामुळे झाडे, जनावरे, पाणी, पीक यांची सवय आपल्याला ठाऊक असते; भयकथा वाचताना ही आपली मोठी मिळकत आहे आणि ती वापरावी.

तिसरी नोंद ‘द ओन्ली गुड इंडियन्स’ची, तीही २०२० सालची. लेखक स्टीफन ग्रॅहम जोन्स हे अमेरिकेतल्या ब्लॅकफीट या मूळ निवासी समाजातले आहेत. त्याच समाजातल्या चार मित्रांनी तरुणपणी, वडीलधाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या रानात जाऊन एल्क जातीच्या हरणांची शिकार केलेली असते, आणि दहा वर्षांनी ती शिकार त्यांच्यामागे येते. हे पुस्तक काही ठिकाणी फार रक्तबंबाळ आहे. ती पाने मी भरभर उलटली आणि तसे करण्यात गैर काही नाही. माझी नोंद मात्र ‘हुरहूर’ अशी आहे. त्या रानात शिरू नये हे चौघांनाही माहीत होते, आणि तरीही ते शिरले, हे ज्या ओळीत सहज बोलून जावे तसे येते, तिथून पुढे घडणारी प्रत्येक गोष्ट मला शिक्षेसारखी वाटत राहिली. ताडोबा-टिपेश्वरच्या आसपास राहणाऱ्या माणसाला रानातल्या हद्दी कोण ठरवतो, कोण पाळतो आणि कोणाला त्या मोडाव्या लागतात, हे प्रश्न पुस्तकातून शिकावे लागत नाहीत.

पाचवी पायरी : दोन्ही उत्तरे उघडी ठेवावीत

त्झ्वेतान तोदोरोव्ह या समीक्षकाने १९७० साली एक उपयुक्त विचार मांडला. एखादी विलक्षण घटना घडते तेव्हा तिला नैसर्गिक कारण आहे की अलौकिक, याचा निर्णय वाचकाला करता येत नाही. जोवर ही दोलायमान अवस्था टिकते, तोवरच ती कथा खऱ्या अर्थाने अद्भुत असते. हेन्री जेम्स यांची १८९८ सालची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ अशीच आहे. भुते खरी की सांभाळ करणाऱ्या बाईचे मन बिघडलेले, यावर आजही वाद होतो. मतकरींच्या कथा वाचताना हाच प्रयोग करावा. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ ओढून एका बाजूला ‘भूत आहे’ याचे पुरावे आणि दुसऱ्या बाजूला ‘भूत नाही’ याचे पुरावे मांडत जावे. चांगल्या कथेत दोन्ही रकाने जवळजवळ सारखे भरतात. कोणताही एक रकाना फार लवकर रिकामा राहू लागला, तर लेखकाचा हात कच्चा आहे असे समजावे.

रहस्यकथेला हीच कसोटी थोडी बदलून लावावी. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली हेरकथेचे दहा नियम लिहिले; त्यांचा गाभा एवढाच, की जो सुगावा हेराला मिळाला तो वाचकालाही मिळाला पाहिजे. सेइशी योकोमिझो यांची ‘द होंजिन मर्डर्स’ ही १९४६ सालची जपानी कादंबरी २०१९ साली इंग्रजीत आली, आणि मी ती नव्या पुस्तकांसारखीच वाचली. ओकायामा प्रांतातले एक खेडे, जुन्या प्रतिष्ठेचा गर्व सांभाळणारे घराणे, कुळवाडी घरातून येणाऱ्या सुनेबद्दलची नाराजी, लग्नाची रात्र, बंद खोली आणि बाहेर पडलेल्या बर्फावर न उमटलेली पावले, एवढी तिची मांडणी आहे. बर्फ आम्ही पाहिलेला नाही, पण सोयरीक ठरताना वाड्यात चालणारी कुजबुज आम्ही पाहिलेली आहे, आणि या कादंबरीचे खरे सुगावे त्या कुजबुजीत आहेत. वाचताना घरातल्या माणसांचे नाते दाखवणारा एक वंशवृक्ष वहीत काढून ठेवावा. जपानी नावे सरावाची नसल्यामुळे त्याची गरज पडतेच.

ज्यांना सलग मोठे पुस्तक वाचणे अवघड जाते त्यांनी उकेत्सू या जपानी लेखकाकडे वळावे. हा लेखक पांढरा मुखवटा घालूनच लोकांसमोर येतो. त्याच्या २०२१ सालच्या एका पुस्तकाची सुरुवात घराच्या नकाशापासून होते, ज्यात चारी बाजूंनी भिंती असलेली आणि दार नसलेली एक जागा आहे; २०२२ सालच्या दुसऱ्या पुस्तकात चित्रांमधून सुगावे दिले आहेत. आपल्याकडे घरकुलाचा नकाशा मंजुरीसाठी घेऊन फिरलेला कोणीही माणूस तो नकाशा समोर घेऊन बसू शकतो. भाषेची सफाई या पुस्तकांत थोडी आहे, पण नव्या वाचकाला पुरावा तपासायची सवय ती उत्तम लावतात.

उलट, मारिआना एनरिकेझ यांची अर्जेंटिनातल्या लष्करी हुकूमशाहीच्या काळाशी जोडलेली ‘अवर शेअर ऑफ नाइट’ ही जाडजूड कादंबरी सुरुवातीला मुळीच घेऊ नये. ती मोठी कादंबरी आहे, पण तिच्यासाठी दोन-तीन वर्षांच्या वाचनाची बैठक हवी. तोवर त्यांच्या सुट्या कथा वाचाव्यात.

सहावी पायरी : पुस्तकातली भीती आणि गावातली भीती वेगळी ठेवावी

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला, आम्ही पाच-सहा जण एका वावरात जमलो होतो आणि मी एक कथा मोठ्याने वाचून दाखवत होतो. कथेत गावाबाहेर एकटी राहणारी एक म्हातारी होती आणि लेखकाने ती चेटकीण असल्याचे हळूहळू सूचित केले होते. कथा संपायच्या आधीच ऐकणाऱ्यांपैकी एकाने आमच्याच गावातल्या एका विधवा म्हातारीचे नाव घेतले, दुसऱ्याने तिच्या घरासमोर मेलेल्या बकरीची आठवण काढली, आणि दहा मिनिटांत ती गोष्ट पुस्तकातून निघून गावात आली. मी पुस्तक मिटले. त्या रात्री काही वाईट घडले नाही, पण विदर्भात, विशेषतः गडचिरोलीसारख्या भागात, जादूटोण्याच्या संशयावरून माणसे मारली गेल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत, आणि त्या दहा मिनिटांत मला तिथली वाट दिसली. त्या आजी पुढे सहा वर्षे जगल्या. मी त्यांच्याकडे पाहताना कित्येक दिवस संकोचत असे.

तेव्हापासून मी काही पथ्ये पाळतो आणि नव्या वाचकांनीही ती पाळावीत अशी माझी कळकळीची विनंती आहे. एकटी बाई, विधवा, अपंग माणूस, भटक्या जमातीतला माणूस किंवा मनोरुग्ण यांनाच कथेने भीतीचे कारण ठरवले असेल, तर वहीत तसे स्पष्ट लिहावे, आणि लेखकाला त्याहून वेगळे काही सुचले नाही का, हा प्रश्न विचारावा. आजचे उत्तम लेखक नेमके उलटे करतात. ज्याच्यावर गावाने बोट ठेवले आहे त्याच्या बाजूने ते पाहतात, आणि मग बोट ठेवणारा जमाव हीच भीतीची जागा होते. कथा मोठ्याने वाचायची असेल तर ऐकणारे कोण आहेत हे पाहून निवडावी. ऐकणाऱ्यांपैकी कोणी ‘हे खरेच असते’ असे म्हणाला तर त्याच्याशी वाद न घालता, पण शांतपणे, ही रचलेली गोष्ट आहे आणि लेखकाने ती कशी रचली ते आपण पाहू, असे सांगावे. २०१३ साली महाराष्ट्राने नरबळी आणि जादूटोणा यांविरुद्ध कायदा केला आहे, हेही सांगायला हरकत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढत. बळी, नवस आणि अंगारे-धुपारे यांवर त्यांनी जो प्रहार केला तो याच पद्धतीने. भयकथा वाचून झाल्यावर मंडळींत जो संवाद व्हावा, त्यासाठी मला याहून चांगला नमुना माहीत नाही.

भयकथा वाचणारा माणूस अंधश्रद्ध होतो, असा आक्षेप मी ऐकला आहे. माझा अनुभव वेगळा आहे. ज्याला भीती ओळीओळीने कशी उभी केली जाते हे कळले, त्याला बुवाबाजी करणाऱ्याचे लिंबू आणि धूर यांमागची रचनाही कळू लागते. पण हे आपोआप होत नाही. वरची वही भरली तरच होते.

सातवी पायरी : अभिप्राय सांगताना रहस्य राखावे, आणि दुसऱ्यांदा वाचावे

पुस्तक दुसऱ्याला देताना आपला अभिप्राय जरूर सांगावा, पण पहिल्या पाव भागात जे घडते त्यापुढचे सांगू नये. वर मीही सर्व कादंबऱ्यांबद्दल याच मर्यादेत लिहिले आहे. ‘शेवटी मोठा धक्का आहे’ असेही म्हणू नये, कारण ते ऐकलेला वाचक प्रत्येक पात्रावर संशय घेत बसतो आणि कथेतली माणसे त्याला दिसेनाशी होतात. त्याऐवजी आपली छटा सांगावी: मला यात किळस कमी आणि हुरहूर जास्त वाटली, तुम्हाला काय वाटते ते कळवा. रक्त, लहान मुलांचा मृत्यू, स्त्रियांवरील अत्याचार यांची वर्णने असतील, तर तेवढी सूचना मात्र आधीच द्यावी. त्या मुलीला पुस्तक देताना मी ती दिली नव्हती.

आवडलेले पुस्तक दोन-तीन महिन्यांनी पुन्हा वाचावे. रहस्य कळलेले असताना पुन्हा वाचण्यात काय अर्थ, असे वाटेल. पण ती ओळ खऱ्या अर्थाने दुसऱ्या वाचनातच सापडते. पहिल्या वेळी पंचेचाळिसाव्या पानावर वाटलेली धास्ती प्रत्यक्षात अकराव्या पानावरच, एखाद्या बंद खिडकीच्या किंवा न विचारलेल्या प्रश्नाच्या रूपाने पेरलेली होती, असे ध्यानात येते. हे वाचन दिवसा करावे. मी उन्हाळ्यात, वावरात काम नसते तेव्हा, धुऱ्यावरच्या निंबाखाली बसून करतो. वहीतले त्या पुस्तकाचे पान उघडावे, जुना पृष्ठक्रमांक खोडू नये, आणि त्याच्या शेजारी वेगळ्या शाईने नवा लिहावा.